टेम्पो दारात येण्याआधी : घर बदलणाऱ्यांचे प्रश्न

लीव्ह अँड लायसन्सचे अकरा महिने संपले, बदलीचा हुकूम आला किंवा इमारत पुनर्विकासाला गेली, की मुंबईकराला पॅकर्स-मूव्हर्स शोधावा लागतो. त्याबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

बंगळुरूला बदली झाली आहे. एका पॅकर्स-मूव्हर्सवाल्याला 'लायसन्स दाखवा' म्हटलं, तर त्याने व्हॉट्सॲपवर पाच कागद धाडले : जीएसटी, उद्यम, आयएसओ, गुमास्ता आणि 'आयबीए ॲप्रूव्हड' असा शिक्का असलेलं एक पत्र. यातला खरा परवाना कोणता? (गोरेगाव)

पाचांपैकी एकही नाही. 'पॅकर्स अँड मूव्हर्स' या नावाचा वेगळा परवाना आपल्याकडे नाहीच, आणि हे ठाऊक असल्यामुळेच कागदांचा असा गठ्ठा पाठवला जातो. परवान्याच्या सर्वांत जवळ जाणारा कागद म्हणजे कॉमन कॅरियरची नोंदणी. 2007 चा कॅरेज बाय रोड कायदा 1 मार्च 2011 पासून लागू आहे. बिल्टी (माल ताब्यात घेतल्याची वाहतूकदाराची पावती) फाडून लोकांचा माल भाड्याने रस्त्यावरून नेणाऱ्याने या कायद्याखाली परिवहन प्राधिकरणाकडे नोंदणी करायची असते. प्रमाणपत्राची मुदत 10 वर्षांची असते. हा कागद नावानिशी मागा. लहान फर्म बहुधा म्हणेल, 'आमच्याकडे नाही, गाडी दुसऱ्या ट्रान्सपोर्टची असते.' मग ज्या ट्रान्सपोर्टच्या नावाने बिल्टी फाटणार, त्याची नोंदणी मागा. एवढ्यावर समोरचा चिडला, तर तुमचं काम स्वस्तात झालं.

आता आलेले कागद. उद्यम नोंदणी विनाशुल्क असते, अर्जदाराने स्वतः दिलेल्या माहितीवर ती ऑनलाइन मिळते आणि धंद्याच्या सचोटीशी तिचा संबंध नाही. आयएसओ 9001 हे कामाच्या पद्धतीबद्दलचं खाजगी संस्थेचं प्रमाणपत्र आहे, सरकारी परवाना नव्हे. गुमास्त्यातून, म्हणजे दुकान-आस्थापनेच्या नोंदणीतून, एवढंच कळतं की त्या पत्त्यावर दुकान किंवा ऑफिस आहे असं सांगितलं गेलं आहे. 2017 च्या राज्य कायद्यानंतर थोडेच कामगार असलेल्यांना नोंदणीही लागत नाही, नुसती सूचना पुरते. आयबीए म्हणजे इंडियन बँक्स असोसिएशन. ही संस्था बँकांच्या सोयीसाठी मान्य वाहतूकदारांची यादी ठेवते. काही कंपन्या आणि बँका बदलीचा खर्च परत देताना यादीतल्याच वाहतूकदाराचं बिल मागतात, म्हणून या शिक्क्याला बाजारात भाव आहे. शिक्क्यावर जाऊ नका. आयबीएच्या संकेतस्थळावरच्या यादीत फर्मचं नाव अक्षर न् अक्षर शोधा. नामांकित कंपनीच्या नावामागे 'न्यू', 'श्री' किंवा 'ओम' लावून तिचाच लोगो वापरणारे पुष्कळ आहेत.

राहिला जीएसटी, आणि घरबसल्या सर्वांत जास्त माहिती तोच देतो. क्रमांक 15 अक्षरी असतो. पहिले दोन आकडे राज्याचे (महाराष्ट्राचे 27), पुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन. त्या पॅनचं चौथं अक्षर पाहा : 'पी' असेल तर एकट्या माणसाचा धंदा, 'एफ' असेल तर भागीदारी, 'सी' असेल तर कंपनी. पाटीवर 'प्रायव्हेट लिमिटेड' आणि पॅनमध्ये 'पी' असेल तर तिथेच थांबा. मग जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर 'सर्च टॅक्सपेअर'मध्ये हा क्रमांक टाका, लॉगिन लागत नाही. 'लीगल नेम' आणि 'ट्रेड नेम', नोंदणीची तारीख, सद्यस्थिती (ॲक्टिव्ह, सस्पेंडेड की कॅन्सल्ड), मुख्य पत्ता, कोणत्या सेवांसाठी नोंदणी आहे आणि रिटर्न कोणत्या महिन्यापर्यंत भरले आहेत, हे सगळं दिसतं. जीएसटीच 1 जुलै 2017 ला आला, त्यामुळे जुन्या फर्मची तारीख बहुधा त्याच्या आसपासची असते. '25 वर्षांचा अनुभव' छापणाऱ्याची नोंदणी चार महिन्यांपूर्वीची निघाली, तर आधी तो कोणत्या नावाने धंदा करत होता हे विचारा. सेवांच्या यादीत मालवाहतूक किंवा पॅकिंग नसून कापडविक्री असेल, तर क्रमांक उसना आहे.

यानंतरचं काम निव्वळ जुळवाजुळवीचं. कोटेशनवरचं नाव, जीएसटीतलं लीगल नेम, पैसे ज्या खात्यात जाणार त्याचं नाव, बिल्टीवरचं नाव आणि कराच्या बिलावरचं नाव, ही पाचही एकाच माणसाची किंवा फर्मची असायला हवीत. यूपीआयने पैसे भरताना पिन टाकण्याआधी खातेदाराचं नाव दिसतं. कोटेशन फर्मचं आणि क्यूआर कोड कुणा भलत्याच व्यक्तीचा असेल, तर 500 रुपयांचं टोकनसुद्धा देऊ नका. 'मॅनेजरचं खातं आहे', 'कंपनीची लिमिट संपली' ही ठरलेली उत्तरं आहेत.

पत्ता मात्र कुणाला तरी पाठवून बघा. कळंबोली, वाशी किंवा भिवंडीचं गोडाऊन सांगितलं असेल तर तिथे पाटी आहे का आणि माल ठेवलेला दिसतो का, हे अर्ध्या तासात कळतं.

तिघांकडून भाव घेतले, 2 बीएचके, चेंबूर ते बंगळुरू. दोघांनी 36 आणि 39 हजार सांगितले, तिसरा फोनवरच 16 हजार म्हणाला. पहिले दोघं लुबाडताहेत का? (चेंबूर)

हिशेब करून बघा. मुंबई ते बंगळुरू साधारण हजार किलोमीटर. 2 बीएचकेचं सामान 14 फुटी ट्रकमध्ये बसतं आणि असा ट्रक लिटरला आठ किलोमीटर गेला तरी 125 लिटर डिझेल लागतं. लिटरला 90 रुपये धरले तर सव्वाअकरा हजार नुसत्या डिझेलचे. वर टोल, ड्रायव्हरचा खर्च, दोन्ही टोकांना चार-चार माणसं, पन्नासेक खोकी, बबल रॅप, कोरुगेटेड पुठ्ठा, टेप. पूर्ण गाडी 16 हजारांत जाऊच शकत नाही.

मग दोनच शक्यता उरतात. तो 'पार्ट लोड' सांगतोय, म्हणजे तुमचं सामान आधी भिवंडीच्या गोडाऊनमध्ये उतरणार, इतर तीन-चार घरांच्या सामानाबरोबर मोठ्या गाडीत चढणार आणि पलीकडे पुन्हा उतरून लहान गाडीत जाणार. यात लबाडी काहीच नाही, फक्त हाताळणी दुप्पट होते आणि पोहोचण्याचा दिवस नक्की सांगता येत नाही. कपाटांचे कोपरे आणि फ्रिजची दारं या चढ-उतारातच दबतात. हे कबूल असेल तर पार्ट लोड घ्या, पण कोटेशनवर तसं लिहून घ्या. दुसरी शक्यता अशी की 16 हजार हा फक्त गळ आहे आणि उरलेले पैसे सामान गाडीत चढल्यावर मागितले जाणार.

ते कसे मागितले जातात हे माहीत असावं. 'सामान सांगितल्यापेक्षा जास्त निघालं.' 'लिफ्ट बंद आहे, मजल्यामागे इतके.' 'ट्रक गल्लीत येत नाही, छोट्या हत्तीने फेऱ्या माराव्या लागतील.' हे शेवटचं मुंबईत पुष्कळदा खरंच असतं, म्हणून ते आधीच ठरवायला हवं. एसी उतरवणं, टीव्हीचं लाकडी क्रेट, पलंग खोलून पुन्हा जोडणं, टोल, गाडी थांबल्याचे पैसे, सोसायटीचे शुल्क, यांतलं काय धरलं आहे आणि काय नाही, हे प्रत्येक बाबीपुढे आकड्यात हवं. 'ऑल इनक्लुसिव्ह' या दोन शब्दांना काही अर्थ नाही.

फोनवरच्या भावाला किंमत देऊ नका. माणूस घरी येऊन किंवा निदान व्हिडिओ कॉलवर माळा, बाल्कनी आणि पलंगाखालचे कप्पे पाहून जायला हवा. वाद नेमका माळ्यावरच्या सामानावरून होतो. पाहणीची यादी कोटेशनला जोडून घ्या आणि 'यादीबाहेर काही नसल्यास रक्कम बदलणार नाही' हे वाक्य लिहवून घ्या. आगाऊ रक्कम थोडीच द्या, मोठा हप्ता सामान चढून बिल्टी हातात आल्यावर आणि निदान तिसरा हिस्सा पोहोचल्यावर.

आणखी एक. ऑनलाइन एक फॉर्म भरला आणि तासाभरात आठ फोन आले, तर तुम्ही मूव्हरला नव्हे, गिऱ्हाइकांचे नंबर विकणाऱ्याला गाठलं आहे. त्याच्या 'व्हेरिफाइड' बिल्ल्याला त्यापेक्षा जास्त वजन देऊ नका.

कोटेशनमध्ये '3 टक्के इन्शुरन्स' लिहिलंय. दिला की काळजी मिटली ना? (मुलुंड)

बहुतेक वेळा तो विमा नसतोच. धंद्यात त्याला 'एफओव्ही' म्हणतात : सामानाच्या किमतीवर टक्केवारीने घेतलेले, मूव्हरच्याच खिशात जाणारे पैसे. त्याबदल्यात तो 'तुटलं तर बघू' म्हणतो. विमा फक्त विमा कंपनी देऊ शकते. म्हणून पैसे देण्याआधी ट्रान्झिट विम्याचं प्रमाणपत्र मागा. त्यावर विमा कंपनीचं नाव, पॉलिसी क्रमांक, विम्याची रक्कम, कुठून कुठे आणि बिल्टी किंवा गाडीचा क्रमांक हवा. मग कंपनीच्या ग्राहकसेवेला फोन करून तो क्रमांक खरा आहे का ते विचारा.

प्रमाणपत्रावर कोणतं कलम आहे तेही वाचा. देशांतर्गत वाहतुकीच्या विम्यात 'इनलँड ट्रान्झिट क्लॉज' ए, बी आणि सी असे तीन प्रकार असतात. 'सी'मध्ये मुख्यतः आग आणि वीज. 'बी'मध्ये त्यावर गाडीची टक्कर, उलटणं, पूल कोसळणं असे मोजके धोके. हमालाच्या हातून मिक्सर पडला, काचेचं कपाट तडकलं, एक खोकं गायब झालं, हे सगळं 'ए'मध्ये येतं. घरच्या सामानाचं नुकसान प्रामुख्याने असंच होतं, त्यामुळे 'बी' घेऊन पैसे वाचवण्यात मतलब नाही. वापरलेल्या वस्तूंना 'ए' देताना कंपन्या अटी घालतात, त्या विचारून घ्या. आणि पॅकिंग अपुरं असल्यामुळे झालेलं नुकसान 'ए'मध्येही मिळत नाही. स्वतः भरलेल्या खोक्यांवर दावा अडतो तो इथेच.

विमा नसला तरी मूव्हर मोकळा सुटत नाही. नैसर्गिक आपत्ती, युद्ध, दंगल, सरकारी जप्ती अशी मोजकी कारणं सोडली तर वाटेत हरवलेल्या-फुटलेल्या मालाला कॉमन कॅरियर जबाबदार असतो. पण नियमांनी त्याला मर्यादा घातली आहे : तुम्ही जास्त दराने जोखीम ठरवून घेतली नसेल तर भरपाई भाड्याच्या दहापट, आणि तीही तुम्ही लिहून दिलेल्या किमतीपेक्षा जास्त नाही. म्हणून बिल्टीवरच्या दोन रकमा डोळ्यांत तेल घालून पाहा. 36 हजारांच्या कामात बिल्टीवर 'भाडे 3,000' आणि बाकीचे पॅकिंगच्या नावाने टाकले, तर तुमची मर्यादा 30 हजारांवर आली. आणि 'किंमत' या रकान्यात मूव्हरने सवयीने 20,000 लिहिले, तर त्याहूनही खाली. 'ओनर्स रिस्क'चा, म्हणजे जोखीम माल-मालकाची असा, शिक्का असेल तर सहीआधी तो खोडायला सांगा.

लालबागहून डोंबिवलीला जायचंय, सामान थोडंच आहे. नाक्यावरच्या टेम्पोवाल्याकडे जीएसटी नाही. न्यावं का? (लालबाग)

खुशाल. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर त्याला नोंदणी लागतच नाही. मात्र क्रमांक नसताना बिलात जीएसटी लावला तर ती उघड फसवणूक. टेम्पोची पाटी पिवळी आणि अक्षरं काळी हवीत (इलेक्ट्रिक असेल तर पाटी हिरवी, अक्षरं पिवळी). पांढऱ्या पाटीच्या खाजगी गाडीतून भाड्याने माल नेता येत नाही आणि अपघात झाला तर तिचा विमा हात वर करू शकतो. एमपरिवहन ॲपवर क्रमांक टाकला की फिटनेस आणि विम्याची मुदत दिसते. मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं असतं, पण आद्याक्षरं जुळतात की नाही ते कळतं. गाडीचा आणि ड्रायव्हरच्या लायसन्सचा फोटो निघण्याआधी घरच्यांना पाठवा. दागिने, कागदपत्रं आणि गॅस सिलिंडर त्या टेम्पोत नकोत.

आमची गिरगावातली चाळ पुनर्विकासाला गेली. 36 बिऱ्हाडं आहेत. बिल्डर म्हणतो, 'माझा मूव्हर सगळ्यांना हलवेल.' काही कुटुंबं अर्धं सामान गोडाऊनमध्ये ठेवणार आहेत. सचिव म्हणून काय पाहावं? (गिरगाव)

आधी करारनामा काढा. स्थलांतराचे पैसे प्रत्येक सभासदाला ठरावीक रकमेने मिळणार, असं त्यात असेल तर मूव्हर निवडण्याचा हक्क सभासदाचा. बिल्डरचा माणूस स्वस्त आणि चांगला असू शकतो, पण मग त्याची तपासणी पहिल्या उत्तरात सांगितली तशीच व्हायला हवी. सोसायटीने सगळ्यांच्या वतीने एकच बिल्टी घेऊ नये. बिऱ्हाडागणिक वेगळी यादी आणि वेगळी बिल्टी, खोक्यांवर खोलीचा क्रमांक आणि नगाचा क्रमांक, उदाहरणार्थ '14/1 ते 14/32'. नाहीतर एका घरचा पाटा दुसऱ्या घरी आणि तक्रार सचिवाकडे.

लाकडी जिन्याच्या चाळीत एका जिन्याने दिवसाला दोन-तीन बिऱ्हाडांपेक्षा जास्त हलवू नका. सागवानी कपाटं ज्या काळी आत नेली, त्यानंतर मोऱ्या आणि पार्टिशनं वाढली. ती खोलावी लागतील की गॅलरीतून दोरखंडाने उतरवावी लागतील, हे सर्व्हेतच ठरवा आणि त्या कामाचा दर लिहून घ्या. मोठा ट्रक गल्लीत शिरणार नाही आणि दक्षिण मुंबईत अवजड वाहनांवर वेळेचं बंधन असतं. त्यामुळे लहान टेम्पोच्या फेऱ्या धरूनच भाव मागा. काही वेळा उतरवण्याच्या जागी माणसं येऊन 'आम्ही माथाडी, आमचे पैसे' म्हणतात. त्यांना मंडळाचं ओळखपत्र मागा. 1969 च्या माथाडी कायद्याच्या व्यवस्थेत मजुरी मंडळाकडे भरायची असते, फाटकापाशी रोख द्यायची नसते.

गोडाऊनचं काम वाहतुकीपेक्षा अवघड आहे, कारण सामान दोन-तीन वर्षं तुमच्या नजरेआड राहणार. मूव्हर आणि गोडाऊनवाला एकच आहे का? नसेल तर गोडाऊनच्या मालकाची पावती वेगळी हवी. नाहीतर मूव्हरने भाडं थकवलं की मालक कुलूप लावतो आणि तुमचं सामान आत अडकतं. पावतीवर पूर्ण पत्ता, नगांची यादी, महिन्याचं भाडं, वाढ किती आणि कधी, बाहेर काढण्याचे दर आणि आगीचा तसंच पुराचा विमा कुणाच्या नावाने, हे सगळं हवं. जागा पावसाळ्यात जाऊन बघा. भिवंडीकडच्या सखल भागात पाणी शिरतं, म्हणून माल जमिनीपासून निदान चार इंच उंच लाकडी फळ्यांवर हवा. गाद्या ओल धरतात आणि प्लायवुडला बुरशी येते. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेल्या गाद्या वर्षभरात वास मारू लागतात, त्यांना कापडी खोळ बरी. खरं सांगायचं तर दहा वर्षं वापरलेला प्लायचा सोफा तीन वर्षं भाडं भरून ठेवण्यापेक्षा विकलेला परवडतो.

सामान नव्या शहरात पोहोचलंय, पण ड्रायव्हर आणखी 22 हजार मागतोय, नाहीतर गाडी परत नेईन म्हणतो. 'ई-वे बिल नव्हतं, दंड भरला' असंही सांगतोय. मूव्हर फोन उचलत नाही. (दहिसरचे वाचक, सध्या हैदराबादेत)

दंडाचं कारण खोटं आहे. ई-वे बिल म्हणजे मालवाहतुकीसाठी लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद, आणि वापरलेल्या घरगुती सामानाला तो लागत नाही. जकातीचं नाव काढलं तर तीही मुंबईत 2017 मध्येच संपली.

आता अडवणूक कोण करतंय ते ओळखा. पुष्कळदा गाडी बाजारातून भाड्याने घेतलेली असते. बुकिंगवाला तुमचे पैसे घेऊन गायब होतो आणि ट्रकवाल्याला त्याचं भाडं मिळालेलंच नसतं. तो तुमचं सामान धरतो ते स्वतःच्या पैशांसाठी. ड्रायव्हरला शांतपणे विचारा, 'तुझं भाडं किती ठरलं, मिळालं किती?' त्याच्याकडची चिठ्ठी आणि गाडी क्रमांकाचा फोटो घ्या. बुकिंगवाल्याला व्हॉट्सॲप आणि ईमेलवर लिहा : ठरलेली बाकी रक्कम इतकी, ती सामान उतरताच देण्यास तयार, जादा मागणी मान्य नाही. मग 112 ला फोन करा किंवा कोटेशन, बिल्टी आणि पैसे भरल्याचे पुरावे घेऊन गाडी उभी आहे त्या हद्दीतल्या ठाण्यात जा. 'हा दिवाणी मामला आहे' असं ऐकायला मिळेल. तेव्हा वाहक म्हणून सोपवलेल्या मालाच्या अपहाराचं कलम दाखवा : भारतीय न्याय संहिता 316(3), शिक्षा सात वर्षांपर्यंत. पोलिसांसमोर ट्रकवाला सहसा त्याच्या खऱ्या भाड्यावर येतो. द्यावंच लागलं तर बँकेतून द्या आणि पावतीवर 'सामान अडवल्यामुळे नाइलाजाने' असं लिहा. बुकिंगवाल्याने ऑनलाइन पैसे लंपास केले असतील तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जितका उशीर, तितके पैसे गोठवणं अवघड.

सामान उतरताना घाईत 'सर्व सुस्थितीत मिळाले' यावर सही करू नका. नग मोजा आणि त्याच प्रतीवर लिहा : '48 पैकी 47 मिळाले, टीव्हीचा पडदा फुटलेला.' खोकी उघडताना व्हिडिओ घ्या. नुकसानीची लेखी नोटीस वाहतूकदाराला बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांत मिळायला हवी, त्यानंतर कॅरेज बाय रोड कायद्याखाली दावा टिकत नाही. ती रजिस्टर्ड एडीने पाठवा. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार फुकट घेतली जाते. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, ऑनलाइनही. तुम्ही मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्यामुळे शुल्क लागत नाही आणि मूव्हर कुठलाही असो, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे हैदराबादेतही करता येते.